पिवळ्या कड्यावरचं चिलखत

सकाळी दंवानं नायलॉनची दोरी सैल पडते. बेलोब्रेग गावाबाहेरच्या कालेतोवर, म्हणजे तिथल्या रोमन किल्ल्यावर, आमचं खोदकाम सुरू झालं तेव्हापासून मुकादम रांगेलकाकांचं दिवसातलं पहिलं काम ठरलेलं होतं. चरांवर आखणीसाठी बांधलेल्या दोऱ्यांना एकेक टिचकी मारायची, सैल पडलेली ताणून घ्यायची आणि मगच बाकीच्यांना खाली उतरू द्यायचं. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी कड्याकडच्या चराच्या दोरीला टिचकी मारली आणि ती तुणतुण्याच्या तारेसारखी वाजली.

"ही काल कुणी ताणली?" त्यांनी विचारलं.

कुणीच ताणली नव्हती.

"माझ्याकडे काय बघता?" खोदणाऱ्यांतली गिना म्हणाली. "घरची कपडे वाळवायची दोरी जमिनीला टेकलीय माझी. ती ताणायला वेळ नाही, तुमची कुठून ताणू?"

सगळे हसले. रांगेलकाका हसले नाहीत. ते आधी नदीकडच्या खुंटीपाशी वाकले, मग चालत अक्रोडाच्या झाडाजवळच्या खुंटीपाशी गेले, तिथेही वाकले. परत आले ते हात पुसतच. "उतरा," एवढंच म्हणाले.

मी जिल्ह्याच्या संग्रहालयात काम करते. जमिनीतून निघालेलं लोखंड, कासं, लाकूड साफ करून टिकवणं हे माझं काम, म्हणून दर उन्हाळ्यात दोन महिने मी कालेतोवर असायची. आमचे प्रमुख डॉक्टर स्तामेन दोयचेव्ह. सतरा वर्षं त्या माणसानं या एकाच किल्ल्याला दिली होती आणि किल्ल्यानं त्याला विटा, खापरं, चुलींची राख एवढंच दिलं होतं. परवानगीची मुदत त्या सप्टेंबरात संपत होती. पुढची मिळेल असं कुणीच म्हणत नव्हतं.

कालेतोच्या एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला चाळीस मीटर खाली डॅन्यूब. मधला कडा पिवळ्या मातीचा. ती माती कोरडी असली की भिंतीसारखी सरळ उभी राहते, नखानं खरवडली तरच सुटते. पण जूनमध्ये नदी फुगून कड्याच्या पायथ्याशी महिनाभर घासत राहिली होती आणि जुलैभर पाऊस झाला होता. कड्यातल्या बिळांमधले वेडे राघू निघून गेले, यंदा लवकर गेले, असं गावात बोलत होते. ते दर ऑगस्टमध्येच जातात. मी तसं सांगितलंही. कुणाला पटलं नाही.

त्याच दिवशी, दहा वाजायच्या सुमारास, गिनाच्या हातातल्या करणीला हिरवं काहीतरी लागलं.

गिना किल्ल्याला सगळ्यात जवळच्या घरात राहायची, अक्रोडाच्या अगदी पलीकडे. नवरा जर्मनीत ट्रक चालवायचा. हिच्याकडे टोमॅटोचे वाफे, एक जुना ट्रॅक्टर आणि कधी न थांबणारी जीभ. पण हात असा हलका की नाजूक काम निघालं की डॉक्टर तिलाच बसवायचे. तिनं मला हाक मारली ती एकदम खालच्या आवाजात.

"रुमेना, ये गं जरा. मी हात लावत नाही."

अंगठ्याएवढी काशाची बिजागरी होती. तिच्या खाली गंजलेल्या लोखंडाची वाकलेली कड. मी कुंचल्यानं माती झटकत गेले आणि कड लांबत गेली. तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. माशाच्या कल्ल्यांसारख्या एकमेकींवर चढलेल्या पट्ट्या. दुपारपर्यंत खांद्याचा भाग मोकळा झाला. रोमन शिपायाचं छातीचं चिलखत, सबंध, एकही पट्टी न हललेली. सबंध चिलखत मी तोवर पुस्तकातल्या चित्रांतच पाहिलं होतं.

डॉक्टर चराच्या काठावर उकिडवे बसले होते. मग म्हणाले, "झाका. ऊन लागेल त्याला." आणि स्वतःचा शर्ट काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी तुटलेली होती.

"कुत्र्यानं तोडली असेल," डॉक्टर म्हणाले.

रांगेलकाकांनी दोरीची दोन्ही टोकं त्यांच्यासमोर धरली. "कुत्र्यानं तोडली तर ओली असते, चावलेली असते. ही ओढून तुटलीय, डॉक्टर. बघा, धागे कसे बारीक होत गेलेत." त्यांनी टोकं जुळवून पाहिली. जुळेनात. मधे दोन बोटांचं अंतर राहत होतं. "खुंट्या लांब गेल्यात एकमेकींपासून."

मग ते चर आणि अक्रोड यांच्या मधल्या गवतात गुडघ्यांवर बसले आणि हातानं वाळलेलं गवत विंचरल्यासारखं बाजूला करत पुढे सरकू लागले. आम्ही बघत होतो. दहा-बारा पावलं गेल्यावर थांबले. म्हणाले, "बादली आणा."

गवताखाली भेग होती, करंगळीएवढी. ती कड्याला समांतर दोन्हीकडे गेली होती. आम्ही ज्या चरात उतरत होतो तो चर, आमची हत्यारं, तंबू, सगळं भेगेच्या नदीकडच्या बाजूला होतं. रांगेलकाकांनी भरलेली बादली भेगेत ओतली. पाणी गेलं. खाली कुठे पडल्याचा आवाज नाही, बुडबुडा नाही. दुसरी बादली ओतली, तीही गेली.

"किती खोल आहे ही?" गिनानं विचारलं.

"मला विचारतेस? पाण्याला विचार."

त्या दिवशी तंबू अक्रोडाखाली हलवला. भेगेवर दोन जाड फळ्या टाकल्या. डॉक्टरांनी फर्मान काढलं की चरात एका वेळी तिघांहून जास्त नकोत. "उन्हानं अशा भेगा दरवर्षी पडतात," ते म्हणाले. त्या ओल्या उन्हाळ्यात हे वाक्य त्यांना स्वतःलाही खरं वाटलं नसणार. रांगेलकाकांनी भेगेच्या दोन्ही कडांना एकेक खिळा ठोकला आणि मधलं अंतर पेन्सिलीनं फळीवर लिहिलं. संध्याकाळी पुन्हा मोजलं, आणि पहिल्या आकड्याशेजारी दुसरा लिहिला. मी तो बघितला नाही. चिलखताच्या पोटाकडच्या पट्ट्या मोकळ्या होत होत्या आणि माझं लक्ष तिकडे होतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्यात माणूस सापडला.

आधी आम्हाला वाटलं होतं की चिलखत भिंतीवरच्या खुंटीवरून पडलं असावं. पण गळ्याच्या पट्टीतून मणक्याचं हाड दिसलं, मग जबडा. शिपाई पालथा पडला होता, डोकं गावाकडे, पाय नदीकडे. अंगावर घाव नव्हता. तो पडला होता त्या खोलीत जळाल्याची एक खूण नव्हती, बाण नव्हता, काही नव्हतं. डॉक्टरांनी सतरा वर्षांत चार लेख लिहून मांडलं होतं की हा किल्ला उत्तरेकडून आलेल्या टोळ्यांनी जाळला.

जेवायच्या सुट्टीत बाकीचे वर गेले. गिनानं घरून बनित्सा, चीज घालून भाजलेली पोळी, आणली होती. मी खालीच थांबले, कारण शिपायाच्या पायांखालची फरशी मला नीट दिसत नव्हती. मी ती झाडत गेले. त्याच्या गुडघ्यांपर्यंत फरशी सपाट होती. गुडघ्यांपाशी ती तुटली होती, आणि तिचा नदीकडचा भाग दोन वीत खाली गेला होता. तुटलेल्या जागेत स्वच्छ पिवळी माती भरलेली, वरपासून खालपर्यंत सरळ, कड्याला समांतर.

कुणी जाळलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. हा माणूस चिलखत अंगावर चढवून दाराकडे धावत होता आणि त्याच्या पायांखालची जमीन गेली होती. मग वरून भिंत. वरती गिना कुणालातरी मोठ्यानं हसत होती आणि त्या हसण्यानं चराच्या भिंतीतून मातीचे दाणे बारीक आवाज करत खाली येत होते.

मी डॉक्टरांना बोलावून फरशी दाखवली. ते अशा कामात मूर्ख नव्हते. एक नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे टोळ्या वगैरे काही नाही," ते म्हणाले.

"ते जाऊ दे. ही तीच भेग आहे, डॉक्टर. आपल्या मागे आहे तशीच."

ते शिपायाकडे बघत राहिले. मग त्यांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर मी आजही वेगवेगळ्या तऱ्हेनं देऊन बघते.

"रुमेना, हे उचलायला तुला किती वेळ लागेल?"

मी म्हणू शकले असते की उचलता येणार नाही, गंजानं पट्ट्या कागदासारख्या झाल्यात, माती टाकून झाकू या. माझ्या शब्दापुढे त्यांनी काही केलं नसतं. त्या बाबतीत शेवटचा शब्द माझाच असायचा. पण तीन दिवस मी त्या पट्ट्यांवर ओणवी होते. प्रत्येक बिजागरी मला पाठ झाली होती.

"उद्या दुपारपर्यंत द्या," मी म्हणाले.

रांगेलकाकांना कळलं तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मी नाही उतरणार. गिनालाही उतरू देणार नाही. मेलेल्याला वर काढायला जिवंत माणसं कशाला घालवायची?"

"तुमच्यावर जबरदस्ती नाही, काका," डॉक्टर म्हणाले.

"जबरदस्ती कोण करतोय? मी सांगतोय."

मी आणि डॉक्टर दोघंच उतरलो. शिपायाच्या छातीभोवती चर खणून मातीसकट एक ठोकळा मोकळा केला, त्याला ओला कागद, मग प्लास्टरच्या पट्ट्या, मग लाकडी चौकट. संध्याकाळी फळीवर पाचवा आकडा लिहिला गेला. मी या वेळी वाचला. भेग आता हाताच्या पंजाएवढी होती.

सकाळी नऊला प्लास्टर घट्ट झालं. ठोकळ्याखाली पोलादी पत्रा सरकवायचा होता, आणि ते दोघांच्यानं होईना. पत्रा अर्ध्यावर जाऊन अडकला. आम्ही घामाघूम झालो होतो. मी वर बघितलं. रांगेलकाका भेगेपलीकडे उभे होते, पहारीवर दोन्ही हात टेकवून.

"काका," मी म्हणाले. फक्त एवढंच म्हणाले.

ते शिवी हासडत फळ्यांवरून आले. "डॉक्टर, तुम्ही चुकीच्या बाजूनं मारताय. सरका. एवढं शिकून पत्रा सरकवता येत नाही." त्यांनी नदीकडची बाजू स्वतः घेतली. वीस मिनिटांत पत्रा आरपार झाला.

गिनानं ट्रॅक्टर अक्रोडापाशी आणून लावला. लोखंडी दोर ठोकळ्याला बांधला. ठोकळा उताराच्या फळ्यांवरून चराबाहेर आला, गवतावरून भेगेपर्यंत आला. डॉक्टर पुढे, मी बाजूला. रांगेलकाका मागे, ठोकळा कलंडू नये म्हणून पहार लावून. तो भेगेवरच्या फळ्यांवर चढला आणि मला पायांना काहीतरी जाणवलं. आवाज नव्हता. बसमध्ये बसल्यावर इंजिन सुरू होतं ना, तसं.

मागची जमीन एक वीत खाली गेली.

दोर ताणला, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली. गिनानं मागे बघितलं आणि तिचा पाय ब्रेकवर जाणार हे आम्हा सगळ्यांना दिसलं.

"थांबू नकोस!" रांगेलकाका ओरडले. "गिना, दे गॅस! थांबलीस तर तुला ओढेल!"

तिनं गॅस दिला. ठोकळा धाडकन अलीकडे आला, डॉक्टर आणि मी त्याच्याबरोबर फरफटत आलो. फळ्या उसळून भेगेत पडल्या. मी उठून वळले तेव्हा रांगेलकाका पलीकडे होते. मधे दीड मीटर मोकळी जागा आणि त्यांच्याकडची कड गुडघाभर खाली. मी जमिनीवर आडवी पडून हात पुढे केला.

"उडी मारा! काका, उडी मारा!"

त्यांनी त्या अंतराकडे बघितलं, एखादा चर किती खोल घ्यायचा हे ठरवताना बघायचे तसं. सहासष्ट वर्षांचे होते. दोन्ही गुडघे गेलेले.

"मागे हो, पोरी," ते म्हणाले. "तू पार कडेवर आहेस."

ते माझ्याकडे पाठ करून नदीच्या दिशेनं चार पावलं चालले, मोकळ्या जागी, जिथे वरून काही पडणार नाही. तिथे खाली बसले आणि दोन्ही हातांनी गवत धरलं. मग तो सगळा तुकडा, चर, खोल्या, शिपायाचे पाय आणि रांगेलकाका, हळूहळू निघाला. पहिले काही क्षण इतका हळू की मला वाटलं थांबेल.

मच्छीमारांना ते पाण्याजवळ छातीपर्यंत मातीत रुतलेले सापडले. जिवंत होते. कंबर मोडली होती, आत बरंच काही फुटलं होतं. जिल्ह्याच्या इस्पितळात ते अकरा दिवस राहिले आणि मी रोज गेले. पहिल्या दिवशी मी माफी मागायला लागले तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून हाक मारली.

"रुमेना, कागद आहे का?"

त्यांना लिहिता येत नव्हतं, हाताला सुया होत्या. मी वही काढली.

"खाली जाताना माझं तोंड बाजूच्या भिंतीकडे होतं. ती भिंत तिथेच राहिली, आपली माती तिच्यापासून सुटून गेली. स्वच्छ कापल्यासारखी. असली भिंत जन्मात बघितली नाही." त्यांनी चादरीवर पालथा पंजा ठेवला आणि बोटानं रेघ ओढली. "रोमन फरशी नदीकडून गावाकडे येते. पण सरळ नाही, जिन्यासारखी. इथे तुटलीय, इथे तुटलीय, इथे तुटलीय. एकेक पायरी साधारण बारा पावलांची. तो शिपाई तिसऱ्या तुटीवर होता."

"आणि आता गेलं ते?"

"चौथी." त्यांचं बोट चादरीवर थोडं पुढे सरकलं आणि थांबलं. "पाचवी कुणाच्या घराखाली येते, मोज तू. मी खाली जाताना तेच मोजत होतो."

मी मोजलं. मच्छीमाराच्या होडीतून दुर्बिणीनं ती भिंत बघितली, फोटो काढले. काकांनी सांगितलं होतं तसंच होतं, तंतोतंत. नव्या कडेपासून बारा पावलं गावाकडे चालत गेले तेव्हा टोमॅटोचे वाफे मागे पडले होते आणि मी गिनाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी होते. आत ती मिरच्या भाजत होती.

रांगेलकाका बाराव्या दिवशी पहाटे गेले. गावातल्या दारादारांवर, झाडांवर त्यांचा फोटो आणि निधनाची खबर छापलेला कागद लागला. कबरीपाशी गिनानं रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या हातावर शिजवलेले गोड गहू घातले, माझ्या हातावरही घातले. पण बोलली नाही. त्या बाईला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी राजीनामा दिला. त्याआधी माझ्याबरोबर बसून जिल्ह्याच्या कचेरीला त्या पायऱ्यांबद्दल एक पत्र लिहिलं, त्यात आपल्या चारही लेखांबद्दल 'चुकीचे' असा शब्द स्वतःच्या हातानं घातला, आणि खाली पहिली सही केली. त्या पत्रावरून एक इंजिनियर आला. भला माणूस होता. त्यानं गिनाच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या भिंतींवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच फुटेल.

"मी कुठे जाऊ?" गिना त्याला म्हणाली. "चाळीस बरण्या भरून झाल्यात. त्या घेऊन कुणाच्या दारात उभी राहू?"

शेजारी गेले. ती राहिली. मी दर शनिवारी जायची. कॉफी व्हायची, मग आम्ही दोघी भिंतीवरची काच बघायचो. जानेवारीत ती फुटली, सरळ मधोमध. गिनानं तिच्यावर कॅलेंडर टांगलं. फेब्रुवारीत विहिरीचं पाणी पिवळं झालं. मग मात्र तिनं मला फोन केला आणि बरण्यांसकट सगळं ट्रॅक्टरवर चढवायला आम्हाला दीड दिवस लागला. घर मार्चमध्ये गेलं. त्यात कुणी नव्हतं.

चिलखत माझ्या टेबलावर आहे. प्लास्टर काढलं, अठरा पट्ट्या साफ झाल्या. आत बरगड्या आहेत, पायांचं हाड एकही नाही. लोक बघायला येतात, छान काम झालंय म्हणतात. मी आभार मानते.

गिना आता जिल्ह्याच्या गावी बहिणीच्या फ्लॅटमध्ये राहते, चौथ्या मजल्यावर. परवा गेले होते. तिनं कॉफी ओतली, खिडकीतून खाली बघितलं. समोर बस थांबत होत्या, बायका पिशव्या घेऊन उतरत होत्या.

"रुमेना," ती म्हणाली, "या इमारतीखाली काय आहे गं?"

"माहीत नाही. इथे कुणी खणलंच नाही."

तिनं मान हलवली आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.